दोन खिडक्यांचा कॅमेरा



गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारचे पाहुणे वाढले आहेत. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा आणि तोंडी एकच प्रश्न, "काका, याचं काय करायचं?" घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं, लोखंडी कपाट आवरायला काढलेलं असतं आणि खालच्या कप्प्यात हे सापडलेलं असतं. कधी याशिका, कधी कॅनन, कधी रशियन झॉर्की. कुणाला वाटतं लाखाचा ऐवज हाती लागला, तर कुणी परस्पर भंगारवाल्याकडे जायच्या बेतात असतं. बहुतेक वेळा दोघंही चुकत असतात.

दुसरे पाहुणे कॉलेजातले. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढणारी ही मुलं आता रोलचा कॅमेरा शोधतात. त्यांचा प्रश्न असतो, "कोणता घेऊ?" आजचं माझं बोलणं या दोघांसाठी आहे. मात्र आधी हे यंत्र चालतं कसं ते थोडं समजून घेऊ, कारण घेताना काय पाहायचं आणि वापरताना काय सांभाळायचं हे सगळं त्यातूनच निघतं.

या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. अंतरमापक असा मराठी शब्द करता येईल, पण दुरुस्त करणारे आणि विकणारे सगळे रेंजफाइंडरच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. आता एक प्रयोग करा. उजव्या हाताचं बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. तेच समोरच्या रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडे बघून करा, खांब जवळजवळ जागचा हलत नाही. वस्तू जितकी जवळ तितकी उडी मोठी. ही उडी मोजली की अंतर कळतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला समोरच्या बाजूला असेच दोन डोळे असतात, एक मोठी खिडकी आणि एक लहान. आपण पाहतो मोठ्या खिडकीतून. लहान खिडकीतलं चित्र आतल्या आरशांवरून वळून येतं आणि आपल्या दृश्याच्या मधोमध एका छोट्या चौकोनात पुसटसं उमटतं. त्या चौकोनात माणसाला दोन नाकं दिसतात. लेन्सचं कडं फिरवत गेलं की दोन्ही चित्रं एकमेकांकडे सरकतात, आणि दोन नाकांचं एक नाक झालं की समजायचं, फोकस बसला.

यातली खरी मेख अशी की आपण लेन्समधून पाहतच नाही. एस.एल.आर. कॅमेऱ्यात आत आरसा असतो, त्यामुळे लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. इथे लेन्स आपली बघते, आपण आपले वरच्या खिडकीतून बघतो. खिडकीतून जग नेहमीच स्वच्छ दिसतं. लेन्सवर झाकण असलं तरी स्वच्छ, फोकस चुकला तरी स्वच्छ. कॅमेरा कधीही सांगत नाही की बाबा, तुझं काहीतरी बिघडलंय.

हे मी फार महागात शिकलो. माझे एक काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. रशियाच्या मदतीने तो कारखाना उभा राहिला तेव्हा तिथे पुष्कळ रशियन इंजिनियर राहत होते, आणि त्यांच्यापैकी एकाने देशी परतताना काकांना आपला झॉर्की दिला. काकांकडून तो आमच्या घरी आला. मूठभर, वजनदार, जर्मन लायकाची हुबेहूब रशियन नक्कल. त्याची लेन्स दुमडती होती. खिशात ठेवताना ती आत ढकलायची आणि फोटो काढण्याआधी बाहेर ओढून फिरवून पक्की करायची. १९७८ साली आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात झालं. चांदीच्या ताम्हनात तुपाचं निरांजन, ओवाळायला पाच पिढ्यांतल्या बायका, अमरावतीहून आलेल्या आत्या, आणि मी एकोणीस वर्षांचा फोटोग्राफर. मोठ्या ऐटीत पूर्ण रोल काढला. प्रत्येक वेळी दोन नाकांचं एक नाक काळजीपूर्वक केलं. लेन्स मात्र बाहेर ओढायची राहिली.

रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाल्याने काही न बोलता निगेटिव्ह उजेडासमोर धरलं. छत्तीसच्या छत्तीस चौकटींत नुसते ढग होते. मधला जरा उजळ ढग म्हणजे पाटावर बसलेले आजोबा, हे मला कळलं, इतरांना सांगावं लागलं. त्याच वर्षी दिवाळीच्या आत आजोबा गेले. त्या दिवसाचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. ते निगेटिव्ह मी अजून जपून ठेवलं आहे.

म्हणून कुणी विचारलं की रेंजफाइंडर घेऊ का, तर मी आधी विचारतो, "तुला न दिसणारी गोष्ट लक्षात ठेवायची सवय आहे का?" झाकण काढलं का, लेन्स बाहेर आली का, रोल खरंच पुढे सरकतोय का, हे दरवेळी स्वतःला विचारावं लागतं. रोल सरकतोय की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. रोल भरल्यावर डावीकडची गुंडाळायची चकती हलकेच फिरवून ताण घ्यायचा. मग पुढचा फोटो चढवताना ती चकती आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली नाही तर रोल आत जागच्या जागी आहे आणि फोटो मोजणारा आकडा तुम्हाला फसवतो आहे.

आता निवडीकडे येतो. या घराण्याचा मूळ पुरुष लायका. जर्मनीतल्या ऑस्कर बर्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म छोट्या कॅमेऱ्यात बसवली आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर त्यात १९३२ मध्ये बसला. सुरुवातीला फोकससाठी एक भोक आणि चौकट पाहायला दुसरं भोक असे. डोळा एका भोकातून दुसऱ्याकडे न्यावा लागे. प्रतिस्पर्धी कॉन्टॅक्सने १९३६ मध्ये दोन्ही एकत्र केलं, लायकाने १९५४ च्या एम ३ मध्ये. तो एम ३ इतका चांगला निघाला की जपान्यांनी त्याच्याशी बरोबरी करायचा नाद हळूहळू सोडून आरशाच्या कॅमेऱ्याकडे मोर्चा वळवला. १९५९ साली निकॉन एफ आला आणि बातमीदार, लग्नाचे फोटोग्राफर सगळे तिकडे गेले. रेंजफाइंडर उरला तो हौशी माणसाच्या घरात.

आणि हौशी माणसासाठी जपान्यांनी जे बनवलं ते आज आपल्या कपाटांतून निघतं. याशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६ चा, पुढे त्याच्या जी.एस.एन. वगैरे आवृत्त्या आल्या. कॅनोनेट क्यूएल १७ ची तिसरी आवृत्ती १९७२ ची. पहिल्यात ४५ मिलिमीटरची लेन्स, दुसऱ्यात ४०, आणि दोन्हींचं तोंड एफ १.७ इतकं मोठं, म्हणजे घरातल्या दिव्यातही काम भागेल असं. लेन्स बदलता येत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हा मी गुण समजतो. दुबईहून किंवा हाँगकाँगहून येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून हे कॅमेरे आपल्याकडे आले, कारण त्या काळात परदेशी कॅमेरा सरळ दुकानातून घेणं मध्यमवर्गाच्या आवाक्यातलं नव्हतं. कपाटात यांतला एखादा असेल तर दुसरा शोधू नका. तोच दुरुस्त करून घ्या.

याशिका हातात आला तर आधी खटका चढवून बघा. चढवताना आतून 'ठक्' असा बारीक आवाज यायला हवा. येत नसेल तर आतली रबराची एक गादी विरघळली आहे. या कॅमेऱ्याचं हे ठरलेलं दुखणं आहे. जाणकार मेकॅनिक ती बदलून देतो, पण किंमत ठरवताना तेवढे पैसे वजा करा. दुसरं, हा कॅमेरा पूर्ण विजेवर चालतो. सेल नसेल तर शटर फक्त एका वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने उघडतं. त्याचा मूळचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. सहा व्होल्टचा छोटा सेल आणि जागा भरायला धातूची नळी किंवा स्प्रिंग वापरली की काम छान चालतं. कॅनोनेटचं उलट आहे. तो सेलशिवायही हाताने सगळे वेग देतो, फक्त त्याचा प्रकाशमापक बंद पडतो. त्याचा जुना सेल १.३५ व्होल्टचा होता. साधा दीड व्होल्टचा टाकला तर माप चुकतं. श्रवणयंत्रात घालतात तो सेल त्याला जवळचा पडतो. माझा कॅनोनेट अनेक वर्षं आमच्या शेजारच्या आजींच्या सेलच्या पाकिटावर चालला.

रशियन कॅमेऱ्यांविषयी दोन शब्द. फेड आणि झॉर्की हे लायकाच्या वळणाचे, कीव्ह हा कॉन्टॅक्सच्या वळणाचा. युद्धानंतर भरपाई म्हणून रशियाने जर्मन कारखान्याची यंत्रसामग्रीच उचलून नेली आणि कीव्ह शहरात तो बनवला. काम रांगडं, लेन्सा मात्र देखण्या. ज्युपिटर ८ नावाची ५० मिलिमीटरची लेन्स जर्मन झोनारच्या रचनेवर बेतलेली आहे आणि चेहऱ्याला फार मऊ न्याय देते. झॉर्की ४ घ्याल तर एक पथ्य कडक पाळा. शटरचा वेग बदलायचा तो खटका चढवल्यानंतरच. आधी बदललात तर आतला दाता दुखावतो. पुष्कळ झॉर्की या एकाच कारणाने मेलेले मी पाहिले आहेत. अनोळखी माणसाने उत्साहाने चकती फिरवून पाहिलेली असते, दुसरं काही नाही.

आणि जुन्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, गरुडाचं जर्मन लष्करी चिन्ह असलेला 'लायका' कुणी दाखवला तर घाई नको. अशा कॅमेऱ्यांतले पुष्कळसे मागाहून कोरकाम केलेले झॉर्की आणि फेड असतात. लेन्स काढून आत वरच्या बाजूला पाहा. रेंजफाइंडरला ढकलणारा जो हात असतो त्याच्या टोकाला लायकात छोटं गोल चाक असतं, रशियनात बहुधा पाचरीसारखी चपटी जीभ. वर कोरलेलं नाव खोटं असू शकतं, आतली जीभ सहसा खोटं बोलत नाही.

खरा लायका? त्याची किंमत लाखांत जाते. परवडत असेल तर जरूर घ्या, मला हेवा वाटेल. पण एक विचार करून घ्या. एम ३ मधून दृश्य जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच, म्हणजे ०.९१ पट दिसतं, आणि त्यात ५०, ९० आणि १३५ मिलिमीटरच्या चौकटी आहेत. दोन खिडक्यांतलं अंतर ६८.५ मिलिमीटर, त्याला ०.९१ ने गुणलं की साधारण ६२ येतात. हा आकडा जितका मोठा तितका फोकस नेमका. छोट्या जपानी कॅमेऱ्यांत तो पुष्कळ कमी असतो. ज्याला माणसांचे चेहरे टिपायचे त्याने एम ३ घ्यावा. ज्याला गल्लीबोळ आणि गर्दी टिपायची त्याने ३५ मिलिमीटरची चौकट असलेला एम २ किंवा पुढचा एम ६ पाहावा. चष्मेवाल्यांनी तर ही परीक्षा दुकानातच करावी, कारण डोळा खिडकीपासून लांब राहिला की रुंद चौकटीच्या कडा दिसतच नाहीत. साठीतल्या मंडळींना आणखी एक सांगतो. खिडकीतलं चित्र डोळ्याला लांबचं असतं, त्यामुळे तिथे वाचायचा चष्मा कामाचा नाही, लांबचा लागतो. मी हे कळायला दोन वर्षं घेतली आणि उगीच कॅमेऱ्याला शिव्या दिल्या.

कॅमेरा कोणताही असो, पैसे मोजण्याआधी पाच मिनिटं उन्हात उभे राहा. लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर घ्या, किलोमीटरभर तरी दूर. लेन्स अनंतावर फिरवा. दोन टाक्यांची एक टाकी झाली पाहिजे. आडवा फरक राहिला किंवा एक टाकी वर, एक खाली दिसली तर जुळवणी बिघडली आहे. ती दुरुस्त होते. पण मधला चौकोनच दिसत नसेल, आतल्या आरशाचा मुलामाच उडाला असेल, तर तो कॅमेरा शोभेचा. मग मागचं झाकण उघडा आणि एकेका वेगाने शटर मारा. एक सेकंद म्हणजे मनात 'एकशे एक' म्हणायला लागतो तेवढा वेळ. तिथे ते अडकलं, रेंगाळलं तर आतलं तेल सुकलं आहे. कापडी शटर असेल तर मागून उजेड धरून बारीक भोकं पाहा. शेवटी लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर चालते, मधोमध पसरली असेल तर सोडा. झाकणाच्या खाचेतला काळा फोम चिकट झालेला असतोच, त्याची काळजी नको. तो खरवडून लोकरीचा काळा धागा बसवता येतो.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतलात तर मोह आवरा. एकच घ्या, ५० किंवा ३५. इथे आरसा नसल्याने रुंद लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसवता येते, आणि म्हणून या कॅमेऱ्यांच्या रुंद लेन्सा आकाराने लहान आणि कडेपर्यंत धारदार असतात. लांबच्या लेन्साचं मात्र इथे काम नाही. १३५ मिलिमीटरला चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी होते आणि त्यापुढे फोकस भरवशाचा राहत नाही. पक्ष्यांचे फोटो काढायचे, ताडोब्याला जायचं, तर दुसरा कॅमेरा घ्या. फुलाचा, अंगठीचा जवळून फोटोही नको. बहुतेक रेंजफाइंडर पाऊण ते एक मीटरच्या आत फोकस करत नाहीत, शिवाय खिडकी वर आणि लेन्स खाली असल्याने जवळच्या फोटोत तुम्ही पाहिलेलं एक आणि आलेलं एक असं होतं. आमच्या घराण्यात मुंडावळ्या कापलेल्या नवरीचे दोन फोटो आहेत.

मग एवढ्या खोडी असलेला कॅमेरा घ्यायचा कशासाठी? कमी उजेड आणि शांतता यांसाठी. इथून ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे कनू गांधी नावाच्या तरुणाला, महात्मा गांधींच्या पुतण्याच्या मुलाला, गांधीजींनी फोटो काढायची परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ घ्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. कनूंचा कॅमेरा रोलायफ्लेक्स होता, आपल्या जातीचा नव्हे. पण बापूकुटीत एकदा जाऊन उभे राहा. मातीच्या भिंती, लहान खिडक्या, दुपारीही अंधुक उजेड. तिथे फ्लॅशविना फोटो काढायचा म्हणजे काय ते कळतं. पुढे असाच प्रसंग दिल्लीत आला. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींना भेटला होता. तो निघाला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. तो परत धावला. फाटकावर चढून नेहरू जमलेल्या लोकांना बातमी सांगत होते. त्याने लायकावर तो क्षण घेतला. अंधारामुळे चित्र हललेलं आहे, चेहरे पुसट आहेत, वर दिव्याचा डाग आहे. त्या रात्री नेहरूंनी आकाशवाणीवरून केलेलं भाषण आपल्या मागच्या पिढीच्या कानांत होतं. डोळ्यांना जे राहिलं ते हे हललेलं चित्र.

हललेलं का होईना, पण ते आलं, यात त्या कॅमेऱ्याचाही हात आहे. आरसा वर उडायचा नसल्याने धक्का बसत नाही. सेकंदाच्या पंधराव्या, जमलं तर आठव्या भागापर्यंत हातात धरून फोटो येतो. शटर दाबतानाही समोरचं दृश्य क्षणभर काळं होत नाही, आपल्याला माणूस दिसत राहतो. शिवाय चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. डावीकडून कोण येतंय ते आधी कळतं. आणि आवाज? वसंतराव देशपांडे सभागृहात आलापी चालू असताना पाचव्या रांगेतून मी याशिकाने फोटो काढले आहेत, शेजारच्या गृहस्थांनी मान वळवली नाही. अंधारात फोकस करायचा तर उभी रेघ शोधावी, कारण दोन चित्रं आडवी सरकतात. आडव्या रेघेवर काहीच कळत नाही. मैफलीत तंबोऱ्याची दांडी यासाठी उत्तम.

गर्दीत तर फोकस करूच नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते. श्रोत्यांपैकी जे तिथे गेले असतील त्यांना माहीत आहे की त्या गर्दीत स्वतःचे पाय कुठे आहेत हेही दिसत नाही. तिथे खिडकीत नाकं जुळवत बसलात तर मारबत पुढे निघून जाते. लेन्स एफ ११ वर ठेवा, अंतर ३ मीटरवर. ४५ मिलिमीटरच्या लेन्सला मग २ मीटरपासून पावणेसहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ ची असेल तर एफ ८ वरच २ ते ७ मीटर मिळतात. १०० स्पीडचा रोल आणि ऊन असेल तर एफ ११ ला सेकंदाचा अडीचशेवा भाग. पाऊस भरून आला की वेग कमी करत जा. तीन मीटर म्हणजे किती, ते घरी आधी जमिनीवर मोजून डोळ्यात बसवा. मी फरशा मोजून शिकलो.

आता आपल्या नागपूरच्या दोन खास गोष्टी, ज्या परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पहिली ऊन. कापडी शटरच्या कॅमेऱ्याची लेन्स सूर्याकडे तोंड करून कधी ठेवू नका. भिंगाने कागद जळतो तसं शटर जळतं, आरसा मध्ये नसल्याने अडवायला कुणी नाही. मे महिन्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवला तर आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. दुसरी गोष्ट कूलर. खसाच्या ताट्यांचा गारवा आपल्याला सुखाचा, बुरशीला त्याहून सुखाचा. कूलरच्या खोलीतलं कपाट ही कॅमेऱ्यासाठी अगदी वाईट जागा. चामड्याच्या मूळ केसमध्येही ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून सगळ्या वेगांनी शटर मारायचं. एवढंच औषध.

रोल मिळतात, पण स्वस्त नाहीत. रोल, धुणं आणि स्कॅनिंग मिळून एका फोटोला साधारण तीस-चाळीस रुपये पडतात. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा. तो कारखाना आता बंद आहे. कृष्णधवल रोल घरी धुता येतो आणि तो आनंद वेगळाच. रसायन २० अंशांवर हवं असतं. आपल्या नळाला उन्हाळ्यात ३५ अंशांचं पाणी येतं. मी बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तसराळ्यात सोडतो आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच उष्णतेला आणतो. गार रसायनातून एकदम गरम पाण्यात गेलं तर फिल्मवरच्या थराला सुरकुत्या पडतात. हे सगळं डिसेंबरात करा म्हणजे कटकट नाही.

माझा याशिका गेल्या वर्षी पुण्याच्या भाचीला दिला. ती लहान मुलीचा पहिला वाढदिवस त्यावर काढणार होती. लेन्सचं झाकण, रोलची चकती, सगळं तिला तीनतीनदा बजावलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिचा फोन, "मामा, मधला चौकोनच दिसत नाहीये. बिघडला वाटतं." मी विचारलं, "डाव्या हाताचं बोट कुठे आहे?" पलीकडे जरा शांतता. मग हसण्याचा आवाज आला. बोट लहान खिडकीवर होतं.

संध्याकाळी मी झोपायला जाईपर्यंत फोनकडे बघत होतो. रोल धुऊन यायला बारा दिवस लागले. छत्तीसपैकी एकतीस फोटो आले. त्यातल्या एकात माझी नव्वदीतली आई पणतीला ओवाळते आहे, निरांजनाच्याच उजेडात, आणि तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत ज्योत स्पष्ट दिसते.